मेटास्कोररावांना साष्टांग दंडवत

श्री. रा. रा. मेटास्कोरराव यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, २० जून २०२३ रोजी 'एलियन्स: डार्क डिसेंट' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि आपण त्याच्या कपाळावर ऐंशीच्या जरा अलीकडचा एक आकडा डकवून मोकळे झालात. मग त्या गेमबद्दलची चर्चा कशी व्हावी? 'कसा आहे रे?' 'सत्तरीच्या वरच्या अंगाला आहे.' 'मग सेल लागला की बघू.' संपलं. गेममध्ये आहे काय, भीती वाटते का, कुठे फसलाय, कुठे जमलाय, हे विचारायची गरजच आपण ठेवली नाहीत. एवढा वेळ वाचवून दिल्याबद्दल समस्त आळशी जनांतर्फे आपले आभार मानतो.

ज्यांना आपली ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण २००१ साली मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर अवतरलात. समीक्षकानं पंचवीस-तीस तास खपून गेम खेळायचा, रात्री जागवायच्या, दीड-दोन हजार शब्दांत आपलं म्हणणं मांडायचं आणि शेवटी संपादकाच्या आग्रहाखातर एक आकडा लिहायचा. आपण ते दीड-दोन हजार शब्द ओलांडून थेट आकड्यापाशी येता, असे निदान चार आकडे जमले की त्यांची सरासरी काढता आणि त्यावर आरामात बसता. आयत्या बिळावरच्या नागोबाला निदान फणा तरी असतो. आपल्याला नुसता चौकोन आहे: हिरवा, पिवळा किंवा लाल. कुठल्या समीक्षकाच्या मताला किती वजन द्यायचं हेही आपल्याकडेच ठरतं. ते वजन किती, हे मात्र गुपित आहे. या पारदर्शकतेबद्दल वेगळं अभिनंदन.

आता ज्या गेमला आपण उरकलंत, त्याविषयी. पॅरिसच्या टिंडालोस इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओनं तो घडवला. त्याआधी त्यांची ओळख होती ती 'बॅटलफ्लीट गॉथिक: आर्माडा' या अंतराळातल्या आरमारी लढायांच्या गेममुळे. 'डार्क डिसेंट'चा खरा बाप मात्र जेम्स कॅमेरॉनचा १९८६ चा 'एलियन्स' हा सिनेमा. साल २१९८. लीथी नावाचा उपग्रह, त्याच्याभोवती पायोनियर स्टेशन. तिथली अधिकारी माएको हेज हिला कळतं की स्टेशनात झेनोमॉर्फ, म्हणजे सिनेमातले ते परग्रहावरचे हिंस्र प्राणी, सुटलेत, आणि ती 'सर्बेरस' नावाची यंत्रणा सुरू करते. त्यानंतर लीथीवर कुणी येऊ शकत नाही आणि तिथून कुणी निसटू शकत नाही. नेमकं त्याच वेळी जवळ आलेलं मरीन सैनिकांचं ओटागो हे जहाज घायाळ होऊन खाली कोसळतं. ते मोडकं जहाज हाच पुढे खेळणाऱ्याचा तळ. कथा म्हणून यात फार नवं काही नाही, आणि संवाद ऐकताना तर लेखकानं ते जेवता जेवता लिहिले असावेत असं वाटतं. पण हा गेम कथेसाठी खेळायचा नाहीच.

तो खेळायचा अंधाऱ्या बोळासाठी. डेड हिल्स नावाच्या वसाहतीत चार मरीन उतरतात. कॅमेरा वरून, तिरका. चौघांच्या दिव्यांचे झोत पुढे सरकतात, बाकी सगळा काळोख. एकेका सैनिकाला हलवता येत नाही. हुकूम गटाला द्यायचा, आणि दार कोण वेल्ड करणार, बंदूक कोण मांडणार हे त्यांचं ते ठरवतात. मोशन ट्रॅकरवर एक ठिपका उमटतो. तो भिंतीपलीकडे आहे की याच बोळात, हे लगेच कळत नाही. तुम्ही चौघांना आडोशाला दाबता. ठिपका थांबतो. तुम्हीही थांबता. मग तो वळतो आणि तुमच्याकडेच येऊ लागतो. गोळी झाडली तर हा एक मरेल, पण बाकीच्यांना सुगावा लागेल आणि तुमची शोधाशोध सुरू होईल. नाही झाडली आणि त्यानं पाहिलं, तर तीच शोधाशोध, वर एक पोट फाटलेला मरीन. आज्ञा देण्यासाठी एक कळ दाबली की वेळ मंदावतो, पण थांबत नाही. मंद गतीत तो प्राणी तुमच्याकडे सरकताना दिसतच राहतो. (सेटिंगमध्ये जाऊन वेळ पूर्ण थांबवता येतो. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तसं करावं.)

आणि समजा या बोळातून वाचलात. गोळ्या अर्ध्यावर आल्या आहेत, चौघांच्या मनावरचा ताण चढत चाललाय. ताण वाढला की नेम चुकू लागतो, एखाद्याच्या मनात कायमचं काहीतरी मोडतं. उपाय एकच: एखादी खोली गाठायची, तिची सगळी दारं वेल्ड करून घ्यायची आणि आत बसून श्वास घ्यायचा. त्यालाही टूलकिट खर्ची पडतं, आणि ती मोजकीच असतात. नाहीतर सरळ माघार. एआरसी या चिलखती गाडीत बसून तळावर परतता येतं, जखमींना झोपवता येतं, दुसऱ्या दिवशी नवे चौघे पाठवता येतात. वसाहत तुमची वाट बघत तशीच असते. काल वेल्ड केलेलं दार आजही बंद, काल मेलेला आजही मेलेलाच. फक्त दिवस एकानं पुढे गेलेला असतो आणि लीथीवरचा प्रादुर्भाव तेवढा वाढलेला असतो. म्हणजे पुढे गेलात तर माणसं जातात, मागे फिरलात तर वेळ जातो. याच कात्रीत गेमची सगळी गंमत आहे, आणि समीक्षकांनी जवळजवळ एकमुखानं तिचंच कौतुक केलं. सिनेमाशी एवढं इमान राखणारा, त्यातली ती 'आता आपलं खरं नाही' ही भावना हातात आणून देणारा गेम बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, असं अनेकांनी लिहिलं. फिरॅक्सिसच्या 'एक्सकॉम' या डावपेचांच्या नावाजलेल्या गेमशी तुलना झाली आणि ती अपमान म्हणून झाली नाही.

त्याच समीक्षकांनी हेही लिहिलं की गेम बगांनी भरलेला आहे. मोहीम मध्येच अडकते, सैनिक भलतीकडे वळतात, हुकूम एक आणि कृती दुसरीच. पात्रांचे चेहरे लाकडी आहेत. कंट्रोलर हातात घेऊन घाईच्या क्षणी नेमकी आज्ञा शोधणं म्हणजे परीक्षाच. तक्रारी खऱ्या होत्या. ज्या गेममध्ये मेलेला माणूस परत येत नाही, तिथे तो झेनोमॉर्फनं न मरता बगनं मेला तर खेळणाऱ्याचा संताप रास्तच आहे.

इथेच आपली कला सुरू होते, मेटास्कोरराव. एका बाजूला तो बोळ, दुसऱ्या बाजूला तो बग. माणूस म्हणेल, गेम धाडसी आहे, पण घाईत बाजारात आलाय. दोन महिने थांबून घ्या. या वाक्यात सल्ला आहे, कारण आहे, मुदतही आहे. आपण त्यातून काय काढलंत? सत्तरीतला एक आकडा. एखादा गेम गुळगुळीत, निर्दोष आणि अगदीच मिळमिळीत असेल, तर तोही सत्तरीतच येतो. ज्यानं रात्री झोप उडवली आणि ज्यानं जांभया आणल्या, त्या दोघांना आपण एकाच बाकावर शेजारी बसवता. ही समदृष्टी संतांनाही साधायची नाही.

याच घराण्यातलं जुनं उदाहरण घ्या. २०१४ साली क्रिएटिव्ह असेंब्लीचा 'एलियन: आयसोलेशन' आला. तो वेगळ्या जातीचा: एकटी बाई, एक झेनोमॉर्फ, आणि टेबलाखाली लपून काढलेले तास. आयजीएन या संकेतस्थळानं त्याला दहापैकी ५.९ दिले, गेमस्पॉटनं ६. दोघांचं म्हणणं साधारण असं की हा फार लांबतो, पुन्हा पुन्हा मरायला लावतो आणि अंत पाहतो. पीसी गेमरनं १०० पैकी ९३ दिले, कारण तोच गेम त्यांना या विश्वाला वाहिलेली सर्वोत्तम पूजा वाटला. दोन्ही परीक्षणं प्रामाणिक, दोन्ही वाचण्यासारखी. ती वाचली की आपण कुठल्या जातीचे खेळाडू आहोत हे माणसाला कळतं: तासभर टेबलाखाली बसण्यात ज्याला मजा येते तो, की ज्याचा दहाव्या मिनिटाला पारा चढतो तो. आता आपल्या पद्धतीनं ५९ आणि ९३ यांची सरासरी काढू. आले ७६. 'बरा आहे, ठीक आहे.' मेटास्कोरराव, हे मत कुणाचं? आयजीएनचं नाही, पीसी गेमरचं नाही, बाजारातल्या एकाही माणसाचं नाही. ज्या गेमवरून लोक भांडले, त्याबद्दल आपण असं मत तयार केलंत की जे एकालाही मान्य झालं नसतं, आणि तेच सगळ्यांच्या नावावर खपवलंत. दहा वर्षं लोक त्या गेमबद्दल बोलत राहिले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टुडिओनं पुढचा भाग करत असल्याचं जाहीर केलं. सरासरीच्या भरवशावर बसले असते तर हे झालं नसतं.

आकडा नसला तरी आपण तो बनवून घेता, हेही कौतुकास्पद. ज्या नियतकालिकानं पाचपैकी तीन तारे दिले, त्याच्या नावावर आपण ६० मांडता. तीन तारे देणारा म्हणत असतो, 'या प्रकारची आवड असेल तर अवश्य बघा.' आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचं पिवळं होतं. इंग्रजी अक्षरांच्या श्रेणीत 'बी उणे' देणारा मनापासून बरं म्हणत असतो. आपल्या हिशेबात त्याचे ६७ होतात. युरोगेमर या संकेतस्थळानं या जाचाला कंटाळून २०१५ साली आकडे देणं बंद केलं होतं. २०२३ साली त्यांनीही पाच तारे परत आणले. कोण किती दिवस लढणार!

रंगांच्या बाबतीत आपला न्याय तर अवर्णनीय. सिनेमाला ६१ मिळाले तरी हिरवा रंग. गेमला मात्र हिरवा व्हायला ७५ लागतात. ७५! दहावीत विशेष प्रावीण्यासाठी लागतात तेवढेच. चौऱ्याहत्तर पडले म्हणून हळहळणारी घरं आम्ही खूप पाहिली आहेत, पण त्या चौऱ्याहत्तरसाठी निदान उत्तरपत्रिकेची फेरतपासणी तरी मागता येते. आपल्याकडे ती सोय नाही. एखाद्या नियतकालिकानं पहिल्यांदा जो आकडा छापला, तोच कायमचा. नंतर त्यांनी मत बदललं तरी आपण तो बदलत नाही, असं आपलं धोरण आहे. 'डार्क डिसेंट'चे दुरुस्तीचे पॅच पुढच्या काही आठवड्यांत येत गेले, बग कमी होत गेले. आज जो गेम विकत मिळतो, त्यावर मारलेला शिक्का मात्र जून २०२३ च्या बगांचा. चोर सुटला, संन्यासी फासावर. आपलं वेळेवर इतकं प्रेम आहे की आपण ती एका तारखेला थांबवूनच ठेवली.

आणि या सगळ्यात पैशाचं काही नसतं तर मी पत्रही लिहिलं नसतं. ऑब्सिडियन या स्टुडिओनं २०१० साली 'फॉलआऊट: न्यू व्हेगास' केला. बेथेस्डा या प्रकाशकाशी करार असा की आपला आकडा ८५ झाला तर बोनस. आकडा आला ८४. बोनस नाही. स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस अ‍ॅव्हेलोन, यांनी २०१२ साली ही गोष्ट स्वतः सांगितली. तोही गेम बाजारात आला तेव्हा बगांनी त्रस्त होता. आज जुन्या भूमिका-प्रधान गेमची यादी निघाली की त्याचं नाव मानानं घेतलं जातं. तो एक गुण कुठल्या परीक्षणातून कमी पडला, कुणाच्या वजनामुळे पडला, हे विचारायचं तर वजन गुपित. ज्यांनी रात्री जागून तो गेम लिहिला, त्यांचे पैसे एका अपूर्णांकाच्या कुशीत झोपले.

अन्याय नको म्हणून हेही लिहितो. २०१३ साली गिअरबॉक्सचा 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' आला, तेव्हा आपण खरोखर कामाला आलात. प्रदर्शनात दाखवलेला गेम एक आणि डब्यात निघालेला दुसराच. ट्रेलर अंतिम गेमशी जुळत नव्हते हे प्रकाशक सेगालाही ब्रिटनच्या जाहिरात नियामकापुढे मान्य करावं लागलं. आपला आकडा पन्नाशीच्या खाली गेला आणि अनेकांचे पैसे वाचले. पुढे गेममध्ये हौसेनं फेरफार करणाऱ्या एका मॉडरनं शोधून काढलं की सेटिंगच्या एका फाईलमध्ये एका शब्दात एक अक्षर जास्त पडलं होतं आणि ते खोडलं की झेनोमॉर्फ जरा शहाण्यासारखे वागतात. २०१८ साली ही बातमी जगभर फिरली. गेम त्यानंही चांगला झाला नाही, हेही खरं. बहुतेक समीक्षक एकाच बाजूला उभे असतात तेव्हा सरासरी काढायला फार अक्कल लागत नाही, एवढाच याचा अर्थ. अडचण होते ती भांडण लागलेल्या गेमची, आणि भयाचे चांगले गेम भांडण लावल्याशिवाय राहत नाहीत. भीती ही काही सगळ्यांना सारख्या मापात वाटणारी गोष्ट नाही.

आकड्यांच्या या रोगाचं मूळ आपण नाही, हेही माहीत आहे. १९९१ ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये 'अमिगा पॉवर' नावाचं मासिक निघायचं. त्यांचा आग्रह साधा होता: शंभरातले पन्नास म्हणजे मध्यम, तेव्हा मध्यम गेमला पन्नासच द्या, पूर्ण पट्टी वापरा. प्रकाशक खवळले. कारण बाकी सगळीकडे सत्तर म्हणजे मध्यम, साठ म्हणजे टाकाऊ आणि पन्नासच्या खालचा सगळा भाग शोभेला ठेवलेला. त्याच काळात, १९९३ साली, 'स्पेस हल्क' आला होता. अंधारे बोळ, जडशीळ सैनिक, ट्रॅकरवरचे ठिपके आणि मोजून मिळणारा थांबलेला वेळ. 'डार्क डिसेंट'चा हा थोरला चुलता. त्या काळच्या मासिकांत त्यावर जे लिहिलं गेलं, ते आजही वाचून कळतं की तेव्हा माणसं कशाला घाबरत होती. त्यातली टक्केवारी आज कुणाला सांगता येईल? आपण मात्र त्या टक्केवारीचेच वंशज निघालात, लेखनाचे नाही.

आपले धाकटे बंधू युजर स्कोर यांचं तर बोलायलाच नको. गेम हातात यायच्या आत शून्य आणि दहा यांचा पाऊस पाडायची त्यांची ख्याती. २०२० साली 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'वर त्यांनी इतका धुमाकूळ घातला की मेटाक्रिटिकला त्यांना गेम आल्यावर ३६ तास तरी दम धरायला लावावा लागला. आपण थोरले असून त्यांना काही बोलला नाहीत. घरातलं प्रकरण आहे, समजू शकतो.

असो. आपण राजीनामा द्याल असं मला वाटत नाही. आकड्याला लाज नसते. मागणी छोटी आहे. आपल्या चौकोनाच्या आत एका आकड्याऐवजी दोन आकडे दाखवा: सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा. ५९ आणि ९३ असे आकडे शेजारी शेजारी दिसले की शहाणा माणूस आपोआप विचारेल, 'एवढा फरक का?' आणि उत्तरासाठी परीक्षण उघडेल. ज्या समीक्षकाच्या बिळात आपण वीसहून जास्त वर्षं राहिलात, त्याचं भाडंही तेवढ्यात फिटेल. आणि प्रकाशकांना निरोप द्या: बोनस गेमच्या विक्रीवर ठरवा, कामावर ठरवा, पण आमच्या मेटास्कोररावांच्या एका गुणावर ठरवू नका. ते बिचारे हिशेबात कच्चे आहेत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये.

आपला,
परीक्षण शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एक वाचक

ता. क. : 'डार्क डिसेंट' घ्यावा का, असं या पत्राच्या वाचकांपैकी कुणी विचारलं तर घ्या. हेडफोन लावून खेळा, दारं वेल्ड करायला टूलकिट राखून ठेवा, आणि डेड हिल्समध्ये पहिला मरीन जायबंदी झाला की हट्ट न करता एआरसीत बसून परत या.